कणसांची टोपडी

ती. दादांस,

तुमच्या शिंपी भावाचा नमस्कार. गुडघा, दात आणि वहिनी ज्या क्रमाने त्रास देत असतील त्याच क्रमाने खुशाली कळवावी. (पत्र वहिनी वाचून दाखवत असल्या तर त्यांनी मागचं वाक्य गाळावं.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे. फक्त ही माझ्याशी चार दिवस बोलत नाही.

कारण जोंधळा. नवव्या मजल्यावर राहायला जाताना तुम्ही बाबांच्या वाणाचं शेवटचं कणीस माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "हे संपलं की बाबा संपले." दादा, असं काही बोलून माणसाने लगेच लिफ्टमध्ये शिरू नये. किडा लागू नये म्हणून तुम्ही ते बाबांसारखंच चुलीच्या धुरावर टांगलेलं, त्यामुळे दाणे काळेठिक्कर. (तुमच्या घरी आलो की दर वेळी मी ते काळंच पाहिलं.) निम्मे राखून ठेवावेत ही अक्कल मला नंतर आली. मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत दोरी ताणली, टेपने वीत-वीत मोजलं आणि सगळे पेरून टाकले. जुनं बी ते, आठच ताटं उभी राहिली. पण काय राहिली! वाळत घातलेल्या चादरींच्या वर डोकी काढून शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीत डोकावायला लागली. मी रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्यात उभा राहायचो. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा, मला त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. त्या ताटांत उभं राहिलं की वाटायचं, आपल्यालाही बाप होता.

मग दाण्यांत दूध भरलं आणि पाखरांना पत्ता लागला. लोक कणसाला कागदाची पिशवी बांधतात म्हणे. पण चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस बाबांना कागदात गुंडाळणार का? शिडी लावून एकेका कणसाचा घेर घेतला आणि नाडीची टोपडी शिवली. (एकाला काजही केलं. कशाला, ते विचारू नका.) शिवाय आत अस्तर. आमच्या दुकानातून बिनअस्तराचं काही बाहेर पडलेलं नाही. अस्तरासाठी हिचा साटिनचा परकर फाडला, तो नवा होता हे मला मागाहून कळलं. सात टोपड्यांत परकर संपला, म्हणून आठव्याला नुसताच जुन्या मच्छरदाणीचा तुकडा.

अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे बुरशी झाली. चार दिवसांपूर्वी टोपडी उतरवली तर अस्तराच्या आत घाम धरून सातही कणसं कुजलेली. मी त्या दगडावर बसून रडलो, दादा. साठी उलटलेला माणूस, हातात साटिनचं टोपडं. ही शिडीवर चढली आणि आठव्याची मच्छरदाणी सोडली. आत दाणा न् दाणा टपोरा होता.

तुमचा,
धाकटा

ता. क. : सोबत पिशवीत आठव्या कणसाचे चिमूटभर दाणे आहेत. पिशवीला अस्तर नाही.

दुसरा ता. क. : दाणे पांढरेशुभ्र आहेत. कुजलेल्या सातांतले नखाने खरवडले तर तांबूस दिसतात, पण बुरशीनेही तसे होत असतील. आता लिहूनच टाकतो. आठवं ताट माझ्या ओळीत नव्हतंच, ते भिंतीच्या कडेला उगवलं, आणि मुख्याध्यापिकाबाई पारव्यांना दाणे टाकतात ते तिथेच. बाबांचा जोंधळा कोणत्या रंगाचा होता, हे आता तुम्हीच सांगू शकता. ही म्हणते (एवढ्यापुरती बोलली), जे असेल ते खरं कळवायला सांगा. मी म्हणतो, पांढरा होता असं लिहा. तुमचा शब्द मी चार वर्षांचा असल्यापासून खरा मानत आलोय, हाही मानेन.