समोरच्या बंद फ्लॅटात कोणी शिरायचं

चि. धाकट्यास,

ताईकडून पोटभर आशीर्वाद. तुझं पित्त कसं आहे? सासुरवाडीला फार दिवस राहिलं की माणसाला पित्त होतंच, म्हणून औषधाचं नाव विचारत नाही. माझ्या भावजयीला सांग, तिची शिवणाची कात्री मी जपून ठेवली आहे (म्हणजे वापरते आहे, पण जपून). इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुम्ही फ्लॅटला कुलूप घालून गेलात त्याला उद्या सात आठवडे होतील. बँकेने दारावर डकवलेली नोटीस अजून जागच्या जागी आहे. एक कोपरा सुटला होता, तो मीच खळ लावून बसवला. गळून पडली असती तर सगळा मजला म्हणाला असता, ताईनेच फाडली.

आता पुढचं बसून वाच. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन तू म्हणालास, मधूनमधून नळ बघ. मी नळ बघितले. रोज बघितले. पण नळ बघायला माणसाला वेळ तो किती लागणार? त्यात यांनी निवृत्त झाल्यापासून बासरी धरली आहे. घरात वाजवायला लागले की मी दोनदा उठून गॅस बंद करून आले, मला वाटलं कुकरच. शेवटी दुपारी चार ते पाच यांना तुझ्या हॉलमध्ये नेऊन बसवायला लागले. रिकाम्या खोलीत सूर घुमतो, असं यांचं म्हणणं (घुमतो खरा, कोणता, ते विचारू नकोस). यांच्या पाठोपाठ माझी कपडे वाळवायची दोरी गेली, मग जादाच्या गाद्या गेल्या, मग गाद्यांना ऊन दाखवायचं म्हणून मीही जाऊन बसायला लागले. बघता बघता आमचा संसार तुझ्याकडे झिरपला.

आता हे सेक्रेटरीच्या नजरेतून सुटतंय होय! आला दारात. "ताई, नाहीतरी पडूनच आहे ना? सोसायटीच्या खुर्च्या आणि रंगाचे डबे ठेवू की!" वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या बाई तर हॉल मापूनच गेल्या, म्हणाल्या आरसा मी आणते. मला असा राग आला म्हणून सांगू! परक्याच्या घरात पाय पसरायची लाज नाही लोकांना (आम्ही परके थोडेच). लगेच सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढलं. शाळा माझी चौथीत सुटली, बाकीचं सगळं भिंगाखाली छापील कागद धरून शिकले, हे तू जाणतोसच. त्यात स्पष्ट सापडलं: बंद फ्लॅटात समितीला शिरायचं तर आग लागलेली हवी नाहीतर पाणी गळायला हवं, तेही दोन साक्षीदार घेऊन, आणि काम झालं की बाहेर. तेव्हापासून सेक्रेटरी तुझ्या खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताकडे बघत उभा राहतो. इतक्या आशेने मी कोणाला ओल शोधताना बघितलं नाही.

मंगळवारी बँकेच्या बाई फोटो काढायला आल्या. त्यांच्या कागदावर फ्लॅट रिकामा, आणि आतून बासरी! मी धावत पोचेपर्यंत यांनी दार उघडलं होतं. बाईंनी विचारलं, तुम्ही कोण, इथे काय करता? हे म्हणाले, "नळ बघतोय." बाईंनी एकदा यांच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बासरीने?"

मला वाटलं, आता गाद्यांसकट आमची वरात निघणार. पण बाई भल्या निघाल्या. जिने चढून दमल्या होत्या, गादीवरच टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मला एकेक समजावलं. किल्ली राखायला दिली म्हणजे वापरायला दिली असं होत नाही. सोसायटीला खुर्ची ठेवता येणार नाही. कोणाला भाड्याने देता येणार नाही, पंखासुद्धा काढून नेता येणार नाही. मी म्हटलं, "मग तुमची बँकच वापरणार म्हणा!" तर म्हणाल्या, "छे हो, रीतसर ताबा घेईपर्यंत आम्हालाही दारात उभं राहून फोटोच काढायचे." मी चिडून विचारलं, "अहो, मग या घरात शिरायचं तरी कोणी?"

"मालकाने," त्या म्हणाल्या. "गेले कुठे ते? आम्ही कुठे जा म्हटलं होतं? नोटिशीत लिहिलंय, साठ दिवसांत येऊन भेटा. कोणी नीट वाचली नाही का?"

यावर मी विषय बदलला. असो. तुझ्याकडे एकच मागणं, ताईला गाद्या ठेवायला आणि यांना तासभर बसायला माझी परवानगी आहे, अशा दोन ओळी लिहून सहीनिशी पाठव, म्हणजे सेक्रेटरीचं तोंड बंद होईल. भाचीला गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. परवानगी नको पाठवूस. गाद्या मी आजच परत आणल्या, हॉल पुसून घेतला. त्याऐवजी तू ये. साठातले अकरा दिवस उरलेत. हप्ते नव्याने बांधून द्या असा अर्ज करता येतो म्हणे, पण सही तुझी लागते आणि मालक राहता हवा. मिळेलच असं बाई म्हणाल्या नाहीत, बघू म्हणाल्या. घर असंच बंद राहिलं तर मात्र मालकाचा पत्ता नाही असा शेरा पडेल, आणि मग लिलावाला कोणी थांबवणार नाही.

ता. क. दुसरा. नोटीस नीट न वाचणारं ते 'कोणी' म्हणजे मी. सगळी इमारत आपले कागद माझ्याकडून वाचून घेते, तसं त्या दिवशी तूही मला दारावरच्या नोटिशीपुढे उभं केलंस. मी ठळक अक्षरातला 'ताबा' वाचला, खालचं बारीक वाचलंच नाही, आणि ठणकावून सांगितलं, घर सोडावं लागेल. तू ताईचा शब्द मानलास, एका शब्दाने उलट विचारलं नाहीस. सात आठवडे मी समोरच्या दारावरचा तो कागद रोज बघते आहे, पण वाचला तो मंगळवारी, बाई गेल्यावर. चिडशील, चिड. तो तुझा हक्कच आहे. फक्त तिकडे बसून चिडू नकोस. स्वतःच्या घरात येऊन चिड.