आवाजाचं माप

१२ मार्च १९८६
कांजूरमार्गला युनियनमधल्या दशरथच्या मुलीचं लग्न. लवू आला होता. चार वर्षांनी समोरासमोर! पंगतीत त्याच्या शेजारी जागा होती— मुद्दाम जाऊन बसलो. म्हणालो, "लवू, गेटवर तुला गद्दार म्हणालो ते माझं चुकलं. माफ कर मला." घरून पाठ करून गेलो होतो— मी, ज्यानं उभ्या आयुष्यात एक भाषण पाठ केलं नाही!
तो भात कालवत राहिला. वर पाहिलंसुद्धा नाही. वाढप्याला म्हणाला, "वरण आण रे जरा."

१३ मार्च
संपात त्याची बायको वसुधा आजारी पडली, म्हणून तो कामावर गेला होता. एवढंच. आणि मी कारखान्याच्या गेटवर लाउडस्पीकरवरून त्याचं नाव घेतलं! विक्रोळीतल्या सगळ्या चाळींनी ऐकलं. मग त्याच्या मुलींशी नळावर कोणी बोलेना. हे मला तेव्हाही कळत होतं.
पण माफी मागितल्यावर माणसानं निदान 'चल हट' तरी म्हणावं.

२ एप्रिल
दूधवाल्यानं तीनदा विचारलं, "काय म्हणालात साहेब?" मुलुंडमध्ये सगळे बहिरे झालेत. शेजारच्या सुनंदावहिनी म्हणतात, "भाऊ, आमच्यावर रागावलात का हो? चेहरा सारखा असा—" रागावलो नव्हतो. आता रागावलो.

१० एप्रिल
आज कोणाशीच बोललो नाही. दिवेलागणीला लक्षात आलं.

१ मे
घाटकोपरला कामगार दिनाची सभा. रोमच्या गुलामांच्या बंडापासून सुरुवात केली, बंद पडणाऱ्या कारखान्यांपर्यंत आणून सोडलं. झकास चढत गेलं होतं! तरी मागच्या रांगा उठल्या. एक जण ओरडला, "माईक लावा की राव!" माईक लावलेलाच होता. माईकवाल्याला सगळ्यांदेखत झापलं. "काका, फुल केलाय," म्हणे. खोटारडा!
माझ्यानंतर एक पोरगेला पुढारी बोलला. विचार शून्य. त्याला मात्र टाळ्या.

४ मे
दशरथ आला. सभा टेप केली होती त्यानं. कॅसेट लावली. खुर्च्या सरकताहेत, कोणाचं तरी मूल रडतंय, आणि मागे कुठेतरी एक म्हातारा पुटपुटतोय— एकसुरी, शब्द शब्दात मिसळलेले. मी म्हणालो, "हा कोण मध्येच?"
दशरथ खाली बघत म्हणाला, "तूच रे, मार्तंडा."

९ मे
हॉस्पिटल. डॉक्टर मृणालिनी— तिशीची असेल, बोलणं रोखठोक. चालून दाखवा. चिमटी उघडा-मिटा. एकच वाक्य दहा वेळा लिहा. दहावी ओळ मुंगीएवढी! घरी येऊन ही वही चाळली. जानेवारीत ओळीत सहा शब्द मावायचे, आता अकरा. मला वाटत होतं, पेन बदललं म्हणून.
पार्किन्सन.
"पण माझा हात थरथरत नाही!"
"सगळ्यांचा थरथरतोच असं नाही, काका."
मग तिनं कागदावर मेंदू काढला. वरचा थर हालचालीचा हुकूम काढतो. खोल आत काही गाठी आहेत, त्या माप ठरवतात— किती जोर, किती मोठी हालचाल. हुकूम वरून खाली जातो, सुधारून पुन्हा वर येतो. विजेचे बारीक ठोके, सतत जा-ये. हात उचलायचा तरी तेच, जीभ हलवायची तरी तेच. माझ्या गाठींना एक रसायन कमी पडतंय, म्हणून हा संवाद बिघडलाय. हुकूम निघतो, माप तोकडं पडतं. पाऊल, अक्षर, आवाज, चेहरा— सगळं लहान.
"मग मला कसं कळलं नाही?"
"कारण मोजणाराही तिथेच बसलाय. तो सांगतो, पुरेसं झालं."
युनियनचं सगळं तिला सांगितलं होतंच; तिनं मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं. "गेटवर ओरडायचात तसं ओरडा." लाज वाटली, पण ओरडलो. अगदी फाटेपर्यंत! बाकावरच्या एका बाईनं मान वळवली, बस्स.
"आत्ता तुम्ही नीट बोललात," डॉक्टर म्हणाली. "यापुढे ओरडल्यासारखं वाटेल, तेव्हाच लोकांना साधं ऐकू येईल."
गोळ्या दिल्यात. त्यांनी पाऊल मोकळं पडेल, आवाजाचं सांगता येत नाही म्हणाली. तो रोज ओरडूनच राखायचा.

१० मे
सकाळी चहा गाळताना एकदम सुचलं— लवूला ऐकूच गेलं नसणार! दारात बँड वाजत होता, पंगतीत गोंगाट, आणि मी असा पुटपुटणारा. आणि वर हा दगडी चेहरा! माझा लवू तसा नाहीच. दोन महिने मी उगाच त्याच्या नावानं जळत बसलो.
आजाराचं नाव कळल्यावर कोणी एवढा खूश झाला असेल का?

१४ मे
रोज पहाटे मिठागरांकडे जातो आणि ओरडतो. "लवू, माझं चुकलं!" बगळे उडतात. आज एक फिरायला आलेले गृहस्थ थांबून म्हणाले, "अहो, इथे कोणी लवू नाही."
किती दिवसांनी हसलो. त्यांना ते दिसलं नसेल.

१८ मे, रविवार
विक्रोळीला गेलो. लवूच्या दारात उभा राहून सगळा जीव एकवटून ओरडलो. शेजारच्या दोघी बाहेर आल्या. वसुधावहिनींनी पाणी आणून दिलं.
लवू पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बोंबलतंस कित्याक? लग्नातच आयकलेलं मी."