कार्डाचं ‘नाय’

बाबा,

दादाचा कॉम्प्युटर मी बंद केलाय, चालू करू नका. मोठमोठ्या आकड्यांना कशाने भाग जातो ते शोधायला त्याने लावून ठेवलेला. काल मी मुद्दाम असा आकडा दिला, ज्याला कशाने भाग जातो ते आधीच माहीत आहे. त्यातलं हिशोब करणारं ग्राफिक्स कार्ड म्हणालं, कशानेच भाग जात नाय. म्हणजे कार्ड खराब. त्याने आधी जिथे ‘नाय’ म्हटलंय ते सगळं परत तपासायला लागेल.

दादाला शोधायला आलेले बोटवाले पण धरणात काय नाय म्हणून गेले. त्यांनी बघितलेल्या काठावरच मला त्याची चप्पल मिळाली. मी डोळखांबच्या, बुडी मारणाऱ्या कोंडूकाकांबरोबर परत बघायला जाते.

आईला सांगू नका. बोटवाल्यांच्या त्या ‘नाय’वरच ती दोन घास खाते.

भूमिका