यंदा कथेला मागणी नाही

३ जुलै, गुरु.

आषाढ लागून आठवडा झाला, दाणी सरांचा फोन नाही. एरवी जून संपता संपता येतोच. "बाई, काय शिजतंय?" एवढंच विचारतात, दिवाळी अंकाचं नावसुद्धा काढत नाहीत. मी "कुठं काय" म्हणायचं, त्यांनी "मग पंधरा ऑगस्टला येतो घ्यायला" म्हणायचं. ठरलेलं. वर्षाला एक कथा, तीही या फोनमुळे. नाहीतर माझ्यासारखी आळशी बाई कशाला लिहितेय!

हे म्हणाले, "तूच कर की फोन." काहीतरीच. मागणी नसताना कथा घेऊन दारात उभं राहायचं?

८ जुलै

आला फोन. अंक बंद. छापखान्याचं मशीन विकलं, जाहिराती आटल्या, मुलं म्हणतात आता पुरे. "सुटलात बाई," म्हणाले. मीही हसून "सुटले" म्हटलं. मग ओटा घासला. स्वच्छ होता, तरी घासला.

यंदाची कथा डोक्यात आली होती, ते सांगितलंच नाही. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या आम्हा बायकांची. सगळ्यांचे नवरे वीज केंद्रात. तिथला पांढरा धूर कमी दिसला की आम्ही समजायचो, युनिट बंद पडलं, आज माणसं उशिरा येणार. मग भाकऱ्याही उशिरा टाकायच्या. गॅलरीतून एकमेकींना ओरडून सांगायचो. अख्खी कॉलनी आभाळाकडे बघून स्वयंपाक करायची.

आता कुणासाठी लिहू?

१३ जुलै, रवि.

रविवार म्हणून असेल, सरांची फार आठवण. नाशिकहून स्कूटरवर यायचे एकलहऱ्याला, पांढराशुभ्र शर्ट घालून. जाताना राखेनं करडा. तरी पुढच्या वर्षी पांढराच. व्हरांड्यात बसून कथा तिथल्या तिथं वाचायचे, हातात लाल पेन. मी आत पोहे परतत, कान बाहेर. एकदा घाबरून मीठ दोनदा पडलं, बिचाऱ्यांनी मुकाट खाल्ले.

"छान" कधी म्हणाले नाहीत. शेवटचा परिच्छेद मात्र हटकून कापायचे. मी भांडायचे, ते "बघू" म्हणायचे, अंक यायचा, परिच्छेद गायब. मग दिवाळीभर माझं तोंड फुगलेलं.

किती सुखाचे दिवस होते. आणि मी तेव्हा दोरीवरच्या कपड्यांवर राख पडते म्हणून कुरकुरत होते.

२१ जुलै

रोज सकाळी बसते. एक ओळ होते, मग मसाल्याचा डबा आवरावासा वाटतो. डबा लखलखीत, कथा तिथंच.

मनवाचा पुण्याहून फोन. लेकी आता आयांना शिकवतात. "आई, फॅमिली ग्रुपवर टाक ना, लगेच वाचतील सगळे." टाकला पहिला परिच्छेद. चार अंगठे आले. धाकट्या जाऊबाई, "कुठल्या पुस्तकातलं गं?" वन्संनी त्यावर शुभ सकाळचं गुलाबाचं फूल डकवलं.

पुरे. हौस फिटली.

२ ऑगस्ट, शनि.

नाशकात रविवार कारंजावर गेले होते, सरांच्या घरी. खाली छापखान्याच्या जागी मोबाईलची कव्हरं. वर सर लाल पेन घेऊन बसलेले. पुढ्यात आजचा पेपर. छापून आलेल्या बातम्या तपासत होते! माई, त्यांच्या मिसेस, म्हणाल्या, "सकाळपासून हेच चाललेलं असतं. रद्दीवाला विचारतो, आजोबा शाळेत होते का?"

सर म्हणाले, "लिहिताय?"

"कशाला? छापणार कोण?"

"म्हणजे छापायसाठी लिहीत होतात?"

"हो," म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

मग पेपर बाजूला सारून म्हणाले, "मीही छापायसाठीच वाचत होतो की."

जिना उतरले तर वरून हाक. "बाई, पंधरा ऑगस्ट!"

"अहो सर, अंक..."

"अंक बंद झालाय. मी कुठं झालोय?"

रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं. भला माणूस.

१० ऑगस्ट

पानं होताहेत! आमटी करपली, हे तशीच जेवले.

यांना सहज विचारलं, युनिट बंद पडल्यावर धूर किती वेळानं कमी व्हायचा हो? हे हसायलाच लागले. "अगं, तो पांढरा म्हणजे धूर नव्हेच. कूलिंग टॉवरची वाफ ती. थंडीत जास्त दिसायची, उन्हाळ्यात कमी."

"म्हणजे उन्हाळाभर आम्ही उगाच..."

"हो ना."

"आणि तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"सांगून? आल्यावर ताज्या भाकऱ्या मिळायच्या."

तासभर अबोला धरला. मग बसले. कथा तर इथंच होती, या चुकीत. सरळ सुचत गेलं.

१५ ऑगस्ट

यंदा मीच घेऊन गेले. सर खिडकीपाशी वाचत बसले, मी माईंजवळ आत. पेनचा आवाज येतोय का ऐकत होते. नाही आला. पानं परत हातात दिली, खूण एकही नाही. शेवटचा परिच्छेद जिथल्या तिथं.

"सर, कापलं नाहीत?"

"आता जागा भरपूर आहे. कापायचं कशाला?"

"म्हणजे तेव्हा जागेसाठी कापत होतात?"

"कधी जागेसाठी, कधी तुमच्यासाठी. आता कुठलं कशासाठी, ते आठवत नाही."

आणि मी समजत होते, दरवर्षी शेवट चुकला म्हणूनच कापतात! राग आला, हसूही आलं. पण खरं सांगायचं तर भीती वाटली. आता माझ्या चुका कोण काढणार?

१९ ऑगस्ट, मंगळ.

कथा चार दिवस कपाटावर. आज हे म्हणाले, "यंदा मी वाचायची कशात?" हे नेहमी अंकातच वाचतात, फराळाच्या आधी. हस्तलिखित कधी मागितलं नाही, मीही दिलं नाही. अक्षर लागत नाही म्हणाले, तूच वाच.

चहा झाल्यावर वाचली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी पहिलं पान यांच्याकडे न बघताच वाचलं. तिसऱ्या पानावर थांबले.

"मग? पुढं?"

"उद्या," म्हटलं.

पुढचं लिहिलेलं आहे. सरांनी खूण न करता परत दिलेलं. पण यांच्याकडे बघत पुढचं पहिलंच वाक्य मोठ्यानं म्हणता येईना. खोटं आहे ते. तिथं कथेतली बाई एवढी शहाण्यासारखी बोलणार नाही.

खोडलं. पुढची अडीच पानंही गेली. उद्या चहानंतर हे विचारणार, आणि माझ्याकडे अजून पुढची ओळही नाही. लिहायला बसते.