अठ्ठावन्न चुली

शुक्रवार, १ ऑक्टोबर १९७६

अठ्ठावन्न! दोनदा मोजल्या. गेल्या साली चव्वेचाळीस होत्या. गावात लग्नं झाली दोन, आणि चुली वाढल्या चौदा?

डोंगरावरचं कुरण अठरा तारखेला उघडायचं आहे. एका चुलीला एक विळा, कापणी तीन दिवस, कापाल ते तुमचं. हा नियम मीच सुचवला होता, दुष्काळानंतर डोंगर बंद केला तेव्हा. त्या वेळी डोंगरावर दगडाशिवाय काही नव्हतं. शेळ्यांनी हिवराची सालसुद्धा सोडली नव्हती. दोन वर्षं कुणाचं जनावर वर चढू दिलं नाही. शिव्या खाल्ल्या. आता पवना गवत कमरेला लागतं.

अठ्ठावन्न विळे चालले तर गवत दीड दिवसात संपेल. मग लोक वरच्या टप्प्यात शिरणार. तो बियासाठी राखलेला आहे. बी गेलं की पुढच्या साली काय उगवणार? आणि फॉरेस्टचा गार्ड तर वाटच बघतोय. परवा म्हणाला, तुम्हाला राखता येत नसेल तर आम्ही कुंपणाची तार मारतो. तार मारली की एक काडी बाहेर येणार नाही.

यादी कोतवालानं केली आहे, लोकांनी सांगितलं तशी. आमच्या घरापुढंही दोन चुली लिहिल्यात. त्याची चूक असेल. विचारलं पाहिजे.

मी कुरणाचा पंच. तिसरी शिकलेल्या माणसाच्या हाती हे काम द्यायलाच नको होतं.

रविवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज पंच मारुतीपुढं बसले. ठरलं की घरोघर जाऊन चुली बघायच्या. कोण बघणार म्हटल्यावर सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मला दम लागतो. रज्जाक मुलाणी माझ्या वयाचा, कुरणाचा दुसरा पंच. तो म्हणाला, "दम लागला तर बसायला दर चुलीपाशी पाट मिळंल की." सगळे हसले. काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं.

सोमवार, ४ ऑक्टोबर

मानसिंगला विचारलं, कोतवालानं आपल्या दोन चुली कशा लिहिल्या? थोरला मुलगा असून उत्तर नीट देत नाही. "बगू, आण्णा," म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

बुधवार, ६ ऑक्टोबर

आज सोळा घरं झाली. पोटऱ्यांत गोळे आलेत.

गोजराक्कानं दारातच अडवलं. "नावं कशाला लिवून न्हेतायसा? नसबंदीच्या आपरेशनला न्हेत्यात म्हणं. मी सत्तरीची, माजं काय कापणार?" रज्जाक म्हणाला, आक्का, फक्त गवत कापायचंय. मग आत घेतलं. एकटी बाई, पण चूल खरी. वरची भिंत काळीभोर.

कोंडीबाच्या दोन चुली. एक घरात, एक गोठ्यात. गोठ्यातली ओल्या शेणानं सारवलेली, वर तवा, आत राख. मी राखेत हात घातला. खालची माती कच्ची, भाजलेलीच नाही. राख घरातल्या चुलीतून आणून टाकलेली. भिंतीला तर काजळीचा ठिपकासुद्धा नाही. मी म्हटलं, कोंडीबा, काजळी कुठं आहे? तर म्हणतो, "आमी धूर न करता सैपाक करतो." रज्जाक हसता हसता खाली बसला. मला हसू आलं नाही. नाव खोडलं. लहानपणापासूनचा सोबती, आता रामराम तरी घालेल का?

रज्जाक आणि मी ठरवून टाकलं — भिंतीला काजळी असेल ती चूल. दुसरं काही बघायचं नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर

अकरा खोट्या निघाल्या. लोक रस्त्यात तोंड फिरवतात. जेवण जात नाही.

आता एकच घर राहिलं. आमचं.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

रज्जाक म्हणाला होता, तुझ्या घरात मी एकटा जातो, तू बाहेर थांब. मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

परसात भिंतीकडेला नवी चूल. सकाळी मी बाहेर पडलो तेव्हा नव्हती. चूल सुबक, बाजूच्या वैलासकट. घालणारीचा हात ओळखला मी — सोजरबाईचा. थोरल्या सुनेनं धाकटीसाठी चूल घातली होती. बनाबाई पुढ्यात बसून काटक्या मोडत होती, वर बघत नव्हती. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून.

धाकटा कुंडलिक पुढं आला. हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, म्हस व्यायला झालीया. एका वाट्यात बैलं आन म्हस दोन्ही जगत न्हाईत. आमी समद्यांनी मिळून ठरवलंय. तुमी निस्तं गप ऱ्हावा."

मानसिंग मान खाली घालून उभा. सोजरबाई म्हणाली, "भावजींच्या म्हशीचं दूध ते एकलेच पिणार हायेत व्हय, मामंजी?"

खरं बोलत होती. चौघांचं असं एकमत मी आजवर बघितलं नव्हतं. गप्प बसावंसं वाटलं. इथं लिहितो, बाहेर कुणाला सांगायचो नाही — फार वाटलं.

पण दारात रज्जाक होता आणि त्याच्यामागं सात-आठ जण. कोंडीबा पुढं. म्हणाला, "हितंबी धूर न करताच सैपाक हुतो वाटतं."

मी भिंतीकडे बघितलं. दिवाळीसाठी पांढऱ्या मातीनं नुकतीच सारवलेली. लख्ख. कुंडलिकचं नाव खोडलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

कुंडलिक म्हणाला, म्हस विकतो आणि श्रीपूरला ऊसतोडीला जातो. बनाबाई उठून आत गेली.

बुधवार, १३ ऑक्टोबर

कुंडलिक जेवायला आला नाही. खरंच गेला तर?

सोमवार, १८ ऑक्टोबर

कुरण उघडलं. नारळ फोडला. विळे मोजले — शेहेचाळीस. एकानंही तक्रार केली नाही. कोंडीबानं आपला एकच विळा आधी माझ्यापुढं धरला आणि रामराम घातला.

सगळ्यांना परत सांगितलं — चार बोटं बुडखा ठेवा, मुळासकट उपटू नका, झाडाला कोयता लावू नका, वरच्या टप्प्यात पाय टाकू नका. हो-हो म्हणाले. मी दिवसभर वरच्या टप्प्याच्या कडेला बसून होतो. उन्हानं डोकं दुखतंय.

आमच्या घरचा विळा मानसिंगनं घेतला. कुंडलिक खाली बांधावर बसून बघत होता.

बुधवार, २० ऑक्टोबर

तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत गवत पुरलं. वरचा टप्पा जसाच्या तसा उभा. गार्ड येऊन फिरून गेला. म्हणाला, यंदा तरी तार लागत नाही. यंदा तरी! रज्जाक म्हणतो, आता तरी नीट झोप.

कशाचा झोपतो? पेंढ्या घरी आल्या आणि भांडण सुरू झालं. मानसिंग म्हणतो, नांगर बैल ओढतात, आधी बैल. कुंडलिक म्हणतो, गाभण जनावर उपाशी मारू का? सोजरबाई आणि बनाबाई पेंढ्या मोजत होत्या. मोजता मोजता आवाज चढला. अकरा वर्षं एका परातीत पीठ मळलेल्या बाया! मी मधे पडलो. बनाबाई म्हणाली, "तुमी बसा, मामंजी. तुमचं बगून झालंय."

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

दिवाळी. परसात धूर दिसला. वाटलं, आंघोळीचं पाणी तापतंय. जाऊन बघतो तर बनाबाई त्या चुलीवर भाकरी थापत होती. रुसवा आहे. चार दिवसांनी जाईल.

मंगळवार, २ नोव्हेंबर

गेला नाही. दोन्हीकडून धूर.

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम येऊन गेला. कुंडलिकनं त्याला परत पाठवलं. म्हस विकली नाही, बांधाचं गवत खुरपून तिला घालतो. जीव भांड्यात पडला. निदान गावात राहिला.

सोमवार, १५ नोव्हेंबर

म्हस व्याली. रेडी झाली. खरवस सोजरबाईच्या ताटात आला नाही, मला वाटीत आला. बनाबाईनं ओट्यावर ठेवला आणि गेली. मी कुठल्या चुलीवर जेवायचं हे कुणी विचारत नाही. मीही विचारत नाही. सोजरबाईकडे जेवतो. वाटी धुऊन ठेवली.

दुष्काळात म्हणालो असतो, माणशी एक विळा, तर? किंवा जनावरागणिक? चूलच का सुचली मला?

शनिवार, २७ नोव्हेंबर

परसात कुणी नव्हतं. चुलीवरच्या भिंतीला बोट लावून बघितलं. काळं झालं. घरात आलो, यादी काढली आणि शेवटी लिहिलं — सत्तेचाळीस, कुंडलिक. चूल खरी.