खिशातली बडीशेप

बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाहीत. मी या वर्षी पाहिला, तोही ग्रीसचा. तिथे उतरल्यावर पहिला जो वास आला तो तुमचा होता.

माझा मुलगा, तुमचा नातू, तिथल्या एका बेटावर कॅफेत काम करतो. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तो जन्मला, म्हणून त्याच्याविषयी मलाच सांगावं लागेल. इथे इंदुरात भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये घालवलेल्या वर्षांचं काही झालं नाही. मग त्याने हॉटेलचा कोर्स केला आणि एका एजंटामार्फत तिकडे गेला. मी त्याला भेटायला गेले, कारण तो सकाळी फोन उचलेनासा झाला होता. दुपारनंतर उचलायचा, हसायचा, भरपूर बोलायचा. सकाळी मात्र नाही. घरात कोणाला यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं, पण काय दिसलं ते सांगता येईना. म्हणून बेट बघायचंय असं सांगून मी तिकीट काढलं.

बोट धक्क्याला लागली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तो गर्दीत वाकून माझ्या पाया पडला, लोक बघत राहिले, आणि मग त्याने मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला बडीशेपेचा वास होता. क्षणभर मला वाटलं, दार मी उघडलं आहे आणि तुम्ही पोलोग्राउंडच्या कारखान्यातून परत आला आहात.

तुम्ही येता. पिशवी खुंटीला लावता, डाव्या खिशातून पत्र्याची डबी काढता, थोडे दाणे माझ्या तळहातावर ठेवता, उरलेले स्वतःच्या तोंडात टाकता. मग बोलायला लागता. कारखान्यातले किस्से, साहेबाची नक्कल, एखादं गाणं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, फक्त लाटण्याचा आवाज वाढतो. मला ते सगळं साधं वाटायचं. बाबा येतात, बडीशेप खातात आणि खुशीत असतात. एकदा पाहुणे बसले असताना मी म्हणाले, "आज बाबा येतानाच बडीशेप खाऊन आलेत." तुम्ही हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणालात, "तुला फार वास येतात." त्यानंतरच्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी एक लोखंडी कढई आणलीत, लहानशी, दोन कानांची. बाजारात भाजलेली कच्ची राहते, तू भाजत जा, म्हणालात. मग दर रविवारी मी भाजायचे. मंद आचेवर, मिठाचं पाणी शिंपडून, दाणा तडतडेपर्यंत. मला त्याचा केवढा अभिमान होता. शिक्षा आणि बक्षीस एकाच वस्तूत देता येतात, हे मला फार पुढे, स्वतः वर्गात शिकवायला लागल्यावर कळलं.

कॅफे धक्क्यापासून जवळच आहे. एका झाडाखाली वेताच्या खुर्च्या, आत एक लांब काउंटर. सकाळी तिथे कॉफी मिळते, दुपारनंतर दारू. माणसं बरीचशी तीच, खुर्च्याही त्याच. गांधीलमाशा येऊ नयेत म्हणून प्रत्येक टेबलावर बशीत थोडी कॉफीची पूड जळत ठेवतात. त्या धुरातूनही मला बडीशेप येत होती. शेवटी मी विचारलं, हा वास कशाचा. तो हसला. काउंटरवरची बाटली घेऊन त्याने एका गिऱ्हाइकाच्या ग्लासात ओतली, स्वच्छ, पाण्यासारखी. मग वरून पाणी घातलं, आणि ते सगळं पांढरं झालं, चुना कालवलेल्या पाण्यासारखं.

"मॅजिक देख, आई. सौंफचीच असते ही. आपल्याकडे लोक जेवल्यावर खातात, हे लोक जेवणाआधी पितात. बस, इतकाच फरक."

"तू पितोस?"

"इथे असं कोणी विचारत नाही गं."

"मी विचारतेय."

"थोडी. कस्टमर प्रेमाने देतो, नाही म्हटलं तर बुरा मानतो. आणि तुला ना, यार आई, आल्याबरोबर सगळ्याचा वास यायला लागला."

तुमचं वाक्य त्याला कोणी शिकवलं असेल? मनात आलं की तुम्हाला हे बेट आवडलं असतं. इथे दारू आणि बडीशेप यांचा वास वेगळा करता येत नाही. इथे तुम्हाला डबी लागली नसती.

मालकीण माझ्याच वयाची, नवरा गेलेली, जाड मनगटांची बाई आहे. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि मोडक्या इंग्रजीत त्याचं कौतुक करू लागली. कितीही काम असो, तो चिडत नाही. म्हातारे त्याला कप्तान म्हणतात, त्याच्याशिवाय कोणाच्या हातून घेत नाहीत. मग तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "पहिल्या वर्षी तो पीत नव्हता. तेव्हा फार गप्प असायचा, मला काळजी वाटायची. आता छान झालाय." हे तिने मला धीर देण्यासाठी सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या कारखान्यातले लोकही असेच आले होते, बारा दिवसांत रोज कोणी ना कोणी. असा हसतमुख माणूस पुन्हा होणार नाही, म्हणत होते. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता सकाळीच कॅफेत गेले. तो खुर्च्या मांडत होता. मला बघून दचकला, मग म्हणाला, "अरे, आज इतक्या लवकर?" कॉफी केली. कप बशीत ठेवला, पण बशी उचलली नाही. एका बोटाने काउंटरवरून माझ्याकडे सरकवत आणली, काहीतरी स्टाइल असावी तशी. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याने ट्रे छातीशी धरून, दोन्ही हातांनी नेला. एक म्हातारा काहीतरी म्हणाला, बाकीचे हसले. मी विचारलं, काय म्हणाला? "काही नाही. म्हणतो, कप्तानाचं जहाज सकाळी हलतं." तोही हसत होता. दुपारी तोच मुलगा एका हातात चार ग्लास घेऊन पायऱ्या उतरला आणि थेंब सांडला नाही.

बाबा, रविवारी तुम्ही दाढी दुपारी करायचात. सकाळचा चहा बशीत ओतून, बशी टेबलावरच ठेवून, खाली वाकून प्यायचात. मी तुमची नक्कल करायचे. तुम्हीही हसायचात.

परतीच्या दिवशी बोटीला वेळ होता. आम्ही पाण्याच्या कडेला कठड्यावर बसलो. पाणी इतकं स्थिर होतं की तळाचे दगड दिसत होते आणि किती खोल आहे ते कळत नव्हतं. मी ठरवून आले होते ते बोलले.

"तुझे आजोबा हार्टने गेले नाहीत."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"आजीने. मी इथे यायला निघालो तेव्हा. पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे झाले होते, सगळं सांगितलं. डोक्यावर हात ठेवून न पिण्याची कसम घ्यायला लावली."

तुम्ही हार्टने गेलात असं सांगायचं, हे आईनेच आम्हाला पढवलं होतं. सगळं आयुष्य तिने दुसरं काही बोलू दिलं नाही. आणि स्वतः जाण्याआधी ते तिने माझ्याजवळ नाही, त्याच्याजवळ बोलून ठेवलं.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय? मी तसा नाही, आई. ते लपून प्यायचे. मी कुठे काय लपवतोय? तुझ्यासमोर सांगितलं ना, पितो म्हणून. मला सोडायची झाली तर उद्या सोडेन. तू टेन्शन मत ले."

तो खरंच काही लपवत नव्हता. इतकी वर्षं मी असं धरून चालले होते की आपल्या घराचं वाटोळं झालं ते लपवण्यामुळे. तुमच्या डबीमुळे, आईच्या लाटण्यामुळे, हार्ट या एका शब्दामुळे. इथे ऊन होतं, उघड्यावरच्या खुर्च्या होत्या आणि खरं बोलणारा मुलगा होता. मी स्वतःला समजावलं की हे वेगळं आहे. बोट सुटली तेव्हा तो हात हलवत होता. तो हलवतो आहे म्हणूनच हात हलतो आहे, असं मी ठरवलं.

घरी येऊन महिना झाला असेल. परवा दुपारी त्याचा फोन आला. मजेत होता.

"आई, एक काम कर ना. सौंफ पाठव. तुझ्या हातची, कडक भाजलेली. मालकिणीला म्हटलं, आपल्या इंदूरच्या हॉटेलांत असते तशी काउंटरवर वाटी ठेवू. उसको आइडिया पसंद आया."

"पाठवते. किती?"

"किलोभर. आणि थोडी वेगळी माझ्यासाठी. छोट्या छोट्या पुड्या बांध. खिशात राहतील अशा."

मी विचारलं, खिशात कशाला. तो म्हणाला, मालकीण हल्ली उगाच वास घेत असते.

हे तो सहज म्हणाला, आणि लगेच मांजराने काउंटरवर चढून काय केलं ते सांगू लागला. मीही हसले.

इंदूरच्या पोह्यांत बडीशेप पडतेच, मी घालत नाही. शेजारीण दर वेळी टोमणा मारते, "भाभीजी, आप इंदौर की हो भी कि नहीं?" तिला वाटतं मला चव नाही. पण तुमची कढई मी टाकली नाही. काल ती काढली, घासली, गॅस बारीक केला, मिठाचं पाणी शिंपडलं. दाणे तडतडायला लागले तसं घर त्या वासाने भरलं, आणि मी जिन्याकडे कान देऊन उभी होते. नको म्हणून त्याला फोन करता आला असता. तर मग त्याने तिथेच कुठूनतरी काहीतरी मिळवलं असतं, आणि मला कळलंही नसतं. निदान मला कळावं, असं मी मनाशी म्हणाले. तेव्हा रविवारी भाजताना मीही असंच काहीतरी म्हणत असेन, लहान असले तरी.

आज सकाळी पलासियाला जाऊन पार्सल दिलं. कुरिअरवाल्याने डबा हलवून पाहिला. "अंदर क्या है, मैडम?" म्हटलं, सौंफ. "लो, विदेश में सौंफ भी नहीं मिलती?" म्हणाला आणि पावती फाडली.

हे पत्र कुठे जाणार नाही, बाबा. पार्सल गेलं. पुड्या बांधताना मला माप विचारावं लागलं नाही. तुमच्या डाव्या खिशाचं माप माझ्या हाताला अजून आठवतं.