नाल्याकडची रताळी

रत्नमालेच्या बाबास,

तुमी डोकं बांधाले कंपाउंडरकडं गेले, तेवढ्यात हे लिहून राह्यली. उजवा हात सुजला हाय, म्हणून डाव्यानं लिहितो.

जेवताना रताळ्याले वास आला अन् तुमी ओरडले, "इख घालतं काय वं मले?" तेच रताळं लेकीच्या अन् माझ्या ताटात होतं, ते तुमी पाह्यलं नाई. केस धरून मले आंगणात फरपटत नेलं, हातावर मुसळ हाणलं. दुसऱ्यांदा उचललं तवा रत्नमाला मधात आली होती. म्हणून म्या वरवंटा तुमच्या कपाळात घातला. त्याचं मले वाईट वाटत नाई.

तुमी गेल्यावर मी वावरात गेली. नाल्याकडचं रताळं उपटून तिथंच मोडलं. कच्च्या रताळ्यालेही तोच वास. बांधापल्याडचं मोडलं, ते चांगलं निघालं. नाल्याकडं मागची दोन सालं कपाशी होती अन् तिच्यावर याच वासाची किडीची पावडर तुमीच उधळली होती. इतका पाऊस झाला तरी ती मातीतून गेली नाई, रताळ्यात उतरली.

दोन्ही रताळी चुलीपाशी ठेवली हायत. वास घेऊन पाहा. नाल्याकडची तुमच्या मायले, आत्याबाईले, खाऊ देऊ नोका, बाजारातही नेऊ नोका.

लेकीले घेऊन मी आर्णीले मायकडं जातो. न्यायले याल तर आमच्या आंगणात उभे राहून चारचौघांत सांगा का इख बायकोनं नाई, म्या घातलं होतं.

सत्यशीला